हौसाक्कांचा मांडवातला मुक्काम

पुरात घरं गेलेल्या वाडीसाठी सरकारने पत्र्याच्या खोल्यांची लांबलचक चाळ उभारली, त्याची ही गोष्ट. खोटी वाटली तर दोष चाळीचा, माझा नाही! खोलीखोलीत चूल आणि अख्ख्या चाळीला बाहेर पडायला दार एकच. वाडीतल्या हौसाक्कांनी दुसरं दार मागितलं, तर चाळ उभारून घेणारे सरकारी अधिकारी दिघावकर साहेब म्हणाले, "आक्का, तात्पुरत्या घरांना नियम माफ असतात."

उद्घाटनाच्या दिवशी साहेबांसाठी मांडव घातला गेला. हौसाक्का त्याच्याभोवती फिरून फिरून निरखू लागल्या.

"साहेब, ह्यो मांडव किती दिवसांचा?"

"आजचाच. संध्याकाळी सोडणार."

"मग चारी बाजूंनी वाटा कशापायी? आन् ह्या वाळूच्या बादल्या?"

"अहो, आग लागली तर? आत माणसं बसणार!"

हौसाक्कांनी वळून हाळी दिली, "बायांनो, वळकट्या आणा गं! मांडवात बसलं की साहेब माणसांत धरत्यात. आपण हितंच ऱ्हायचं!"

बघता बघता पाहुण्यांच्या खुर्च्यांपुढे चुली मांडल्या गेल्या. साहेबांनी भाषण खिशात घातलं आणि पत्रा कापणाऱ्याला बोलावणं धाडलं.

मांडव सुटला, पण चाळीला दुसरं दार झाल्यावरच.