बोकडाच्या डोक्यावरची पगडी

एक होता राजा. पण तो राजा आहे, हे त्याच्या राज्यात कुणालाच पटत नव्हतं. कारण राजाची पगडी होती बोकडाच्या डोक्यावर.

हसू नका. आधी ऐका. गार्गी, ती उशी ओजसला दे अर्धी. हं.

हा राजा राहायचा एका पुस्तकात. पातळसं गोष्टीचं पुस्तक, पानोपानी चित्रं. आमच्या मामांनी जत्रेहून आणलं होतं. तेव्हा अशी पुस्तकं स्वस्तात छापायचे. आधी काळ्या रेघांची चित्रं छापायची. मग तोच कागद पुन्हा यंत्रात घालून लाल रंग द्यायचा. कागद जरा हलला की झालं! लाल रंग बोटभर बाजूला. आमच्या पुस्तकात सगळा लाल रंग असा उजव्या हाताला सरकला होता. आपल्याला बोटभर, पण चित्रातल्या माणसांना तो चांगला हातभर, बरं का.

वाचायची माझी थोरली बहीण, आक्का. मला अक्षर येत नव्हतं. मी चित्रं बघायचो. आक्का वाचायची, ‘राजाने लाल पगडी चढवली.’ आणि मला दिसायचं, पगडी तर शेजारच्या बोकडाने चढवली आहे. मग खरं काय? मी चित्र खरं धरलं. तीच ही गोष्ट.

तर राजाचं नाव गंगाळराव. पोट गंगाळासारखं गोल होतं, म्हणून. राज्याचं नाव फुटाणपूर. राणी देवाघरी गेलेली. एक लहान मुलगी होती, कुंदा. आणि एक बोकड. आता राजाच्या शेजारी बोकड कशाला? चित्रकाराला वाटलं असेल, इथं जागा रिकामी दिसते, काढू या एक बोकड. मोठा रुबाबदार होता. लांब दाढी, आणि तोंडात राजाच्या उपरण्याचं टोक. ते तो सतत चघळायचा. लाल रंग सरकला आणि पगडी नेमकी त्याच्या शिंगांत जाऊन बसली.

फुटाणपुरात कायदा साधा होता. राजाची पगडी ज्याच्या डोक्यावर, तो राजा. मग काय! सकाळी लोक दरबारात आले आणि बोकडापुढे वाकले.

राजाने पगडी परत मिळवायला काय कमी केलं? आधी त्याने हात लांब केला. पण तो जरा सरकला की पगडीही तेवढीच सरके. मग तो पळाला. वाड्याच्या अंगणात गोल गोल पळाला. पगडी शेजारून पळाली, आणि उपरणं तोंडात धरून बोकडही पळाला. लोक म्हणाले, “वा! महाराजांचा व्यायाम चाललाय.” मग राजाने बोकडाला खांबाला बांधलं आणि एकटाच बाजारात गेला. तर पगडी निघाली त्याच्या शेजारून, अधांतरी, एकटीच! बायका किंचाळल्या, “भूत! भूत!” भाजीवाले टोपल्या टाकून पळाले. शेवटी लोकांनीच हात जोडले, “बाबा रे, त्या बोकडाला सोड. तो पगडीखाली असला की बरं वाटतं.”

तेव्हापासून बोकड सिंहासनावर आणि राजा त्याच्या डाव्या बाजूला उभा, एखाद्या हुजऱ्यासारखा. लोक अर्ज घेऊन यायचे. बोकड अर्ज खायचा. लोक खूश. म्हणायचे, “आमचा अर्ज महाराजांच्या पोटात गेला. आता काळजी नाही.”

मी हे आक्काला सांगितलं की ती बोकडासारखी मान हलवायची. दिव्याची वात बारीक केलेली असायची. आतून आई ओरडायची, “पोरांनो, रॉकेल जळतंय!” आणि आक्का म्हणायची, “एवढं पान संपू दे गं.” एवढं पान कधी संपायचं नाही.

बरं. मग एक दिवस काय झालं? डोंगरावरचा राक्षस आला. त्याचं नाव ढणढण्या. तोंडातून आग ओकायचा. त्याने कुंदाला उचललं, बगलेत मारलं आणि डोंगराकडे चालू लागला. जाता जाता म्हणाला, “उद्या भाजून खाईन!”

राजा धावत सेनापतीकडे गेला. सेनापती खडखडे. मिशा मोठ्या, समज बेताची.

“अहो खडखडे, सैन्य काढा! माझी पोर नेली त्यानं!”

खडखडेने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. “तू कोण हुकूम देणार? पगडी आहे का डोक्यावर?” मग तो बोकडापुढे वाकला. “महाराज, आज्ञा?”

बोकड म्हणाला, “बेंऽऽ.”

“ऐकलंत?” खडखडे ओरडला. “महाराज म्हणाले, बेत करा! चढवा चुली!”

आणि सैन्य बसलं की जेवायला. बेसनाचे लाडू वळले, मठ्ठा झाला. राजा या पंगतीतून त्या पंगतीत फिरला. “अरे उठा रे, पोर गेली माझी.” कुणी म्हणालं, बाजूला हो. कुणी त्याला वाढपी समजलं आणि मठ्ठा मागितला.

मग राजा एकटाच निघाला. एकटा म्हणजे, बोकड होताच. उपरणं सोडेल तर शपथ.

चालता चालता मिरचीचं शेत लागलं. एक म्हातारी मिरच्या तोडत होती. पण हाताला एकही लागेना. झाड इथं आणि लाल मिरच्या हातभर पलीकडे, हवेत लोंबकळत. म्हातारी रडकुंडीला आलेली. राजा म्हणाला, “आजी, झाडाकडे नका बघू. जरा उजवीकडे हात घाला.” म्हातारीने हात घातला, तर मूठभर मिरच्या! म्हणाली, “तुला रे कसं कळलं?” राजा म्हणाला, “ज्याची पगडी सरकते, आजी, त्याला कळतं.”

पुढे पेरूचं झाड. पेरूसमोर पोपट उपाशी बसलेला. त्याची लाल चोच त्याच्या तोंडावर नव्हतीच, होती हातभर उजवीकडे. राजा म्हणाला, “राघू, पेरूसमोर बसू नकोस. त्याच्या डाव्या बाजूच्या फांदीवर बस.” पोपट तिथे बसला. चोच बरोबर पेरूवर आली. पोटभर खाल्ल्यावर पोपट म्हणाला, “राक्षस त्या कड्यावर राहतो. वाट अरुंद आहे, डाव्या बाजूला खोल दरी. जपून जा. जे जातात, ते आगीला भिऊन उजवीकडे उडी मारतात आणि तिथेच भाजतात.”

“उजवीकडेच का भाजतात?” राजाने विचारलं.

पोपट म्हणाला, “ते काही मला कळत नाही. मी पोपट आहे.”

राजा विचार करत चालला. पुढे माळावर मेंढपाळांची शेकोटी. लाकडं मधोमध, भोवती मेंढपाळ, आणि सगळे थंडीने कुडकुडतायत! राजाने बघितलं. लाकडं इथं, जाळ मात्र हातभर उजवीकडे, कुणी नसलेल्या जागी. “बाबांनो, जरा तिकडे सरकून बसा,” तो म्हणाला. ते सरकले. त्यांना ऊब मिळाली आणि राजाच्या डोक्यात उजेड पडला.

आगसुद्धा! आगसुद्धा लाल!

ओजस, तुला कळलं? गप्प बस. गार्गीला कळू दे.

मग राजा कड्यावर पोचला. वाट एवढीशी. डावीकडे दरी, तळाशी काळं पाणी. समोर गुहा. गुहेच्या तोंडाशी कुंदा बसलेली, आणि ती राक्षसाला म्हणत होती, “तुला दात घासायला कुणी शिकवलं नाही का रे?”

ढणढण्या उठला. डोंगर हलला. “कोण आलंय?”

“मी. हिचा बाप.”

“आधी तुला भाजतो.” आणि राक्षसाने छाती फुगवायला सुरुवात केली.

पण राजा उजवीकडे उडी मारेना. तो चालत गेला आणि राक्षसाच्या तोंडासमोर, अगदी नाकासमोर, उभा राहिला. इथंच आग नाही, हे आता त्याला माहीत होतं. आग पडणार ती हातभर उजवीकडे.

आणि हातभर उजवीकडे कोण होतं?

हो. बोकड. डोक्यावर पगडी, तोंडात उपरणं, डोळे अर्धे मिटलेले.

इथं आक्का थांबायची. तांब्यातलं पाणी सावकाश प्यायची. मी तिचा परकर ओढायचो. “आक्का, बोकड मरतो का गं? सांग ना.” ती म्हणायची, “पुस्तकात बोकडाचं काही लिहिलेलं नाही रे. तूच बघ चित्रात.” मग मी चित्रावर नाक टेकवून बघायचो.

चित्रात असं होतं. राजाने बोकडाकडे बघितलं. ह्याच बोकडाने त्याचं राज्य नेलं होतं. ह्याच्यापायी तो स्वतःच्या दरबारात हुजऱ्या झाला होता. डावीकडे सरकावं तर दरी. मागे पळावं तर पगडी वाचेल, बोकडही वाचेल, पण पोर जाईल. आणि इथंच उभं राहावं तर पगडी जळणार. पगडी जळाली की राजा कोण, हे सांगायला जगात काही उरणार नाही.

राजा खाली वाकला. त्याने बोकडाच्या पोटाखाली हात घातले आणि एवढं मोठं धूड उचलून खांद्यावर घेतलं. पगडी राहिली शेजारी, हवेत, एकटी.

ढणढण्याने फूऽऽ केलं.

आग आली ती त्याच्या तोंडातून नाहीच, त्याच्या कानाशेजारून. राजाच्या अंगावर ठिणगी पडली नाही. पण शेजारी पगडी भडकली, क्षणभर फुलासारखी दिसली, आणि गेली. राखसुद्धा उरली नाही.

राक्षसाला काही कळेना. समोरचा माणूस भाजत कसा नाही? त्याने आणखी जोराने फुंकलं. फुंकता फुंकता त्याच्याच कानावरच्या जटांनी पेट घेतला. “आई गं!” करून तो नाचायला लागला. तेवढ्यात बोकडाने राजाच्या खांद्यावरून उडी मारली, मान खाली घातली आणि दिली एक ढुशी. ढणढण्या दरीत. तळाशी पाणी. फुस्सऽऽ!

मेला नाही, घाबरू नका. पण त्याची आग कायमची विझली. तोंड उघडलं की नुसती वाफ यायची. पुढे गावच्या बायका त्याच्याकडून मोदक उकडून घ्यायच्या, आणि चारदोन मोदक त्यालाही द्यायच्या.

मग तिघं परत निघाली. फुटाणपूरच्या वेशीवर सगळे जमलेले. खडखडे पुढे आला आणि थबकला. बोकडाच्या डोक्यावर पगडी नाही. माणसाच्या डोक्यावर पगडी नाही. आता वाकायचं कुणापुढे? तो बोकडापुढे अर्धा वाकला. मग सरळ झाला. मग माणसापुढे अर्धा वाकला. मग घाबरून वेशीच्या खांबापुढे वाकला. कुणी हसलं नाही. सगळ्यांनाच तोच प्रश्न पडला होता.

कुंदा दमली होती. तिने राजाचं बोट धरलं आणि म्हणाली, “आबा, चला ना. भूक लागली.”

“चल बाळा,” राजा म्हणाला. आणि तिला कडेवर घेऊन तो वेशीतून आत आला.

लोक बघत राहिले. मिरच्यांवाली म्हातारी गर्दीत होती. ती पुढे झाली आणि तिने मुलीच्या तोंडावरून हात फिरवला. मग राजाच्या. मग खडखडेने हळूच आपल्या डोक्यावरची पगडी काढली आणि काखेत धरली. त्याचं बघून शिपायांनी काढली. सावकारांनी काढली. सगळं फुटाणपूर उघड्या डोक्याने उभं राहिलं, आणि राजा त्यांच्यामधून घरी गेला.

शेवटच्या चित्रात असंच आहे. राजा, कुंदा, बोकड, इतकी माणसं, आणि एकाच्याही डोक्यावर काही नाही. त्या पानावर लाल रंग छापलाच नव्हता. संपला असेल, किंवा राहिला असेल. पगड्यांना काळी रेघ नव्हती, त्या नुसत्या लाल रंगाच्या होत्या, म्हणून त्या दिसेनात. हे मला पुष्कळ मोठेपणी कळलं. आक्का तेव्हा वाचत होती, ‘आणि राजा लाल पगडी घालून सिंहासनावर बसला.’ मी म्हणालो, “कुठाय पगडी?” आक्काने पान दिव्याजवळ नेलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, “जळाली रे. खरंच की.” आणि पुढे शेजारची पोरं गोष्ट ऐकायला यायची, तेव्हा आक्का पुस्तकातली ती ओळ सोडून द्यायची आणि पगडी जळाल्याची माझी ओळ वाचायची. छापल्यासारखी वाचायची. कुणाला काही कळायचं नाही.

पुस्तक कधीच फाटून गेलं. आक्का लग्न होऊन लांब गेली. पण राजा आहे. मेंढपाळ आहेत, पोपट आहे. कुंदा मोठी झाली, तिने चांगलं राज्य केलं. राजाने म्हातारपणी काही केलं नाही, नुसता ओट्यावर बसायचा, आणि बोकड त्याच्या शेजारी बसून त्याचं उपरणं खायचा. राजा त्याला म्हणायचा, “खा बाबा.” सगळी सुखात राहिली.

झोपला वाटतं ओजस? आणि तू गं, गार्गी? तू अजून जागी आहेस, मला कळतंय. हात आत घे. गोधडी गळ्यापर्यंत ओढ. उद्या सकाळी शाळा आहे, आणि फुटाणपूरचे लोक केव्हाचे निजले. आता तूही नीज, माझी राणी.