रावजी, बॉयलर आणि प्रेशर

डोंगरमाथ्यावरच्या हिरडेघर गावात रावजी ढेबे नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा हा त्याचा स्वतःचा शब्द. गाव दुसरा शब्द वापरायचं. रावजीला त्याचा राग नव्हता. आपली फजिती तो आपणच चहाच्या टपरीवर सांगायचा आणि लोकांच्या आधी हसायचा. ही गोष्टही त्याच्याच तोंडची.

रावजी देवस्थळी बाईंकडे कामाला होता. बाई कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहायच्या. हिरडेघरची थंडी अशी की भर दुपारी बोललं तरी तोंडातून वाफ निघते. बाईंचे गुडघे धरायचे. म्हणून त्यांनी मागच्या खोलीत गॅसवर चालणारा एक बॉयलर बसवून घेतला. कमरेएवढा उंच, चार पायांचा. त्यात पाणी तापायचं, नळ्यांतून घरभर फिरायचं आणि खोलीखोलीत भिंतीला लावलेल्या लोखंडी सापळ्यात शिरून खोली उबदार करायचं. तो सापळा बरगड्यांसारखा दिसायचा, म्हणून रावजी त्याला फासळी म्हणायचा. पुढे बाईही फासळीच म्हणायला लागल्या.

त्या डिसेंबरात बॉयलरचं प्रेशर, म्हणजे आतल्या पाण्याचा दाब, उतरायला लागला. फासळ्या गार पडल्या. आणि नेमकी बाईंची थोरली बहीण, माई, राहायला यायची होती. माई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. मागच्या थंडीत छातीत कफ होऊन दवाखान्यात राहून आलेल्या. घर गार ठेवून चालणार नव्हतं.

बाई म्हणाल्या, "रावजी, घड्याळाकडे लक्ष ठेव. काटा एक आणि दोनच्या मध्ये हवा. बाहेर गेला की मला सांग."

रावजी जेवणखाण सोडून बैठकीतल्या भिंतीवरच्या घड्याळासमोर बसला. बऱ्याच वेळाने उठला.

"बाई, काटा दोनच्या पुढं गेला."

बाई गुडघे विसरून मागच्या खोलीत धावल्या. बॉयलरवरच्या छोट्या घड्याळाचा काटा पाऊणवर होता.

"कुठे गेलाय पुढे?"

"भिंतीवरच्या घड्याळात. दोन वाजून गेले."

बाई खुर्चीत बसल्या. रावजीने आपल्याच टाळूवर टपली मारली. "रावजी, या डोक्यापेक्षा हंडा बरा," तो स्वतःला म्हणाला. "त्यात पाणी तरी राहतं."

बाईंनी वाईला युनूस मिस्त्रींना फोन लावला. बॉयलर त्यांनीच बसवला होता. मिस्त्री म्हणाले, "कुठंतरी गळत असणार. रावजीला सांगा, नळीच्या प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेव आणि सकाळी बघ. जो कागद ओला, तिथं गळती."

रावजीने एकोणीस जोडांखाली एकोणीस कागद ठेवले. सकाळी आला. रोजच्यासारखी बादली घेतली, फरशी पुसली, मग कागद बघितले.

"बाई, एकोणीसच्या एकोणीस ओले. घर नुसतं चाळणी झालंय."

बाईंनी बादलीकडे बघितलं. "अरे, फरशी ओली केल्यावर काय कळणार? ओलं दिसलं तर आधी कोरडं करायचं. मग बघायचं."

"बरं बाई."

दुसऱ्या दिवशी रावजीने फरशी पुसली नाही. पाहुण्यांच्या खोलीतल्या फासळीखालचा एकच कागद चिंब होता. ओलं दिसलं तर आधी कोरडं करायचं. त्याने तो कागद चुलीवर धरला, कडकडीत वाळवला, परत जागेवर ठेवला आणि मग बघितला.

"बाई, सगळे कोरडे आहेत."

असं चार दिवस चाललं. काटा रोज उतरत होता, कागद रोज कोरडे होते. बाई चक्रावल्या. मिस्त्री फोनवर म्हणाले, "पाणी काय हवेत उडतंय का?" तेवढ्यात माई येऊन दाखल झाल्या. दोन स्वेटर, एक शाल, कानटोपी, आणि मांडीवर गरम पाण्याची रबरी पिशवी. त्या पाहुण्यांच्या खोलीत बसून गार फासळीकडे बघत म्हणाल्या, "हिला लावायला एवढा खर्च केलास का ग?"

पाचव्या दिवशी बाईंनी रावजीला चुलीशी गाठलं. त्याच्या हातात कागद होता. कागदाला वाफा येत होत्या.

"हे काय करतोयस?"

"ओला झाला होता. कोरडा करतोय."

बाईंनी कागद काढून घेतला. "रावजी, यापुढे काहीही ओलं दिसलं की त्याला हात लावायचा नाही. आहे तसं ठेवायचं. आणि मला हाक मारायची."

"बरं बाई. माझ्यापेक्षा हा कागद हुशार," रावजी म्हणाला. "चार दिवस हाच सांगत होता, आणि मी त्याला गप्प बसवत होतो."

बाईंनी मिस्त्रींना बोलावणं धाडलं आणि वरच्या बागेत स्ट्रॉबेरीची रोपं बघायला गेल्या. इकडे माईंच्या मांडीवरची पिशवी फुटली. माई कमरेपासून खाली चिंब.

"रावजी, टॉवेल आण पटकन."

रावजी दारातच थबकला. "माई, हलू नका. आहे तसंच राहायचं."

"अरे, पाणी गार होतंय."

"होऊ द्या. बाईंना हाक मारायचीय." त्याने दारातून हाक मारली. बाग लांब होती. त्याने आणखी एक मारली. बाई आल्या तोवर पाऊण तास झाला होता आणि माई शिंकत होत्या.

त्या दिवसापासून माईंचं अन्नावरचं मन उडालं. काढा तेवढा घ्यायच्या. रावजी ओशाळून गेला होता. रोज त्यांचे पाय चेपायला जायचा. "माई, मी लाकूड आहे," तो म्हणायचा. माई म्हणायच्या, "लाकूड असतास तर शेकोटीला तरी लावलं असतं."

युनूस मिस्त्री मोटरसायकलवरून आले. त्यांनी फासळीचा नट आवळला. गळती थांबली. गावच्या नळाला जोर नव्हता, म्हणून त्यांनी एका छोट्या हातपंपाने बादलीतलं पाणी बॉयलरात दाबून भरलं, आणि तो पंप कसा मारायचा ते रावजीला दाखवलं.

"आता नळ्यांत हवा अडकलीय, ती काढू," मिस्त्री म्हणाले. "हा फासळीचा स्क्रू सैल करायचा. फुस्स आवाज येईल. आवाज थांबून पाणी आलं की बंद करायचं. पाणी येईपर्यंत सोडायचं नाही. कळलं?"

रावजीने सगळ्या फासळ्यांची हवा काढली. एकही चूक झाली नाही. बाईंनी त्याचं कौतुक केलं. मिस्त्री चहा घेत म्हणाले, "शिकलास की. जा, माझ्या मागच्या चाकात हवा जास्त झालीय, गाडी उडते. तीही थोडी काढ."

रावजी गेला. चाकाचं तोंड दाबलं. फुस्स आवाज आला. आवाज थांबला. पाणी आलं नाही. रावजी वाट बघत बसला. मग त्याला वाटलं, पाणी पुढच्या चाकात असेल.

युनूस मिस्त्री सात किलोमीटरचा घाट गाडी ढकलत उतरले.

बाईंनी रावजीला समोर उभं केलं. "आता एकच गोष्ट लक्षात ठेव. चाकं, घड्याळं, काही नाही. या घरात कुणी प्रेशर म्हटलं की ते बॉयलरचं. दुसऱ्या कशाचंही नाही."

"बॉयलरचं," रावजी म्हणाला. त्याने टाळूवर टपली मारून ते आत बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माईंना घेरी आली. रावजी लाकडं आणायला गेला होता. खालच्या गावातले डॉक्टर शिंगटे येऊन तपासून गेले. रावजी परतला, तेव्हा बाई एसटी गाठायच्या घाईत होत्या.

"रावजी, प्रेशर फार कमी झालंय. मी गोळ्या आणायला वाईला जाते. दर अर्ध्या तासाने पेलाभर मीठ-साखरेचं पाणी दे. चुकवू नकोस."

रावजीने जाऊन बॉयलर बघितला. हवा काढल्यापासून काटा खरंच एकच्या खाली आला होता. मागच्या खोलीत पाऊल न टाकता बाईंना हे कसं कळलं, याचं त्याला नवल वाटलं. त्याने पेलाभर पाण्यात मीठ-साखर विरघळवली, चव घेऊन बघितली, बादलीत ओतली आणि पंप मारला. दर अर्ध्या तासाने. चौथ्या पेल्याला काटा दीडवर आला.

माई आपल्या खोलीत मीठ-साखरेच्या पाण्याची वाट बघून कंटाळल्या. भिंत धरून स्वयंपाकघरात गेल्या. तिथे त्यांना लिंबाच्या लोणच्याची बरणी दिसली.

बाराच्या सुमारास डॉक्टरांचा फोन आला.

"रावजी, प्रेशर कसं आहे आता?"

डॉक्टर बॉयलरचंही बघतात हे रावजीला नवीन होतं. मिस्त्रींना जमेना म्हणून बाईंनी मोठा माणूस गाठला असणार. "सकाळी कमी होतं. आता दीड आहे."

"दीडशे म्हणायचंय का तुला?"

"असेल डॉक्टर. अक्षर बारीक आहे."

"एकदम एवढं? अंग कसं लागतंय?"

"भाजतंय. हात ठेववत नाही."

"काही बोलणं?"

"नुसती आतून गुडगुड. मधेच ठक् करून होतं."

"पोटात गॅस धरलाय का?"

"गॅस भरपूर आहे. कालच नवीन लावला."

"लघवी होतेय ना?"

रावजीने फोन धरूनच वाकून बघितलं. "खालच्या नळीतून थेंब थेंब चालू आहे."

"हे बघ, घाबरू नकोस. कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेव. खाटेवर आडवं निजव, पायांखाली उशी दे. आम्ही दवाखान्यात न्यायला येतोय. तयार ठेव."

बॉयलर कुणी निजवल्याचं रावजीने आजवर ऐकलं नव्हतं. पण डॉक्टर शिकलेला माणूस. त्याने गॅस बंद केला, पान्याने नळ्यांचे नट सोडवले आणि बाजूला उडी मारली.

अर्ध्या तासाने गाडी आली. डॉक्टर आणि स्ट्रेचर घेतलेले दोघेजण धावत अंगणात शिरले. माई उन्हात बसून भाकरीशी लोणचं खात होत्या. गालांवर रंग आला होता.

"माई," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही इथे?"

"मी बरी आहे. आत जाऊन रावजीला बघा. मघापासून रडतोय."

मागच्या खोलीत घोट्याएवढं पाणी होतं. खाटेवर बॉयलर आडवा निजला होता. अंगावर गोधडी, माथ्यावर ओली पट्टी, चारही पाय उशीवर. रावजी उशाशी बसून डोळे पुसत होता.

"उशीर झाला, डॉक्टर," तो म्हणाला. "निजवायला घेतलं तोवर दीड होतं, मग एकदम शून्यावर गेलं. पण अंग शेवटपर्यंत गरम होतं."