घाटमाथ्यावरचे तीन ग्रॅम

“बाबा, चांदी वाटेत आटते का?”

रहमतबाबा चुलीवरच्या चहाकडे बघत होता. त्यानं मान वर केली नाही.

“दूध आटतं. चांदीचं मला माहीत नाही. बस.”

वामनशेठ खातू बसला नाही. जीप रस्त्याच्या कडेला तशीच उभी करून तो आला होता. शर्टाच्या खिशावर त्याचा हात सारखा जात होता आणि परत येत होता.

घाट जिथं संपतो, त्या शेवटच्या वळणावर एक छोटा दर्गा आहे. रहमतबाबा तिथला फकीर. खाली बंदरावर वेलदोड्यांचा व्यापार करणारा वामनशेठ वीस वर्षं घाट चढताना इथं थांबे, चहा घेई आणि चारचौघांत सांगे, “मी बाबांचा शिष्य.” बाबानं त्याला कधी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चहा मात्र पाजला.

शेठ चौथी शिकलेला. पण पावसाळ्यात मिठाचं पोतं जड का होतं, हे त्याला पोत्यानंच शिकवलं होतं. पिशवी नुसती हातात घेऊन तो किलोभर वेलदोडे अचूक सांगे. पैजा जिंकलेला माणूस! “वजनात मला कोणी फसवून दाखवावं,” हे त्याचं नेहमीचं बोलणं.

“आज फसवलं, बाबा. आणि कोणी, तर अंतूमामानं.”

“अंतू कारेकर?”

“तोच. सोनार आहे, पण देवमाणूस म्हणायचो मी त्याला.”

बाबानं चहा दोन कपांत ओतला.

“सांग.”

माथ्यावरच्या गावात कडजाई देवीचं देऊळ आहे. शेठ त्या देवळाचा विश्वस्त. देवीचा चांदीचा मुखवटा बारा वर्षांतून एकदा खाली बंदरावर कारेकरांच्या घरी उजळायला जातो. उजळून झाला की तिथं त्याचं वजन करायचं. मग घरातल्या कर्त्यानं तो डोक्यावर घेऊन, अनवाणी, कुठंही खाली न टेकवता घाट चढायचा. देवळाच्या पायरीवर पुन्हा वजन. बरोबर भरला तर देवी बसली. कमी भरला तर कारेकरांचा मान संपला, पुढच्या खेपेला दुसरं घर.

चार पिढ्यांत एकदाही कमी भरला नव्हता.

“खाली मी स्वतः उभा होतो,” शेठ म्हणाला. “आठ किलो चारशे बारा ग्रॅम. मामानं मुखवटा डोक्यावर घेतला, मी काटा जीपमध्ये घेतला. वर पायरीवर ठेवला तर... आठ किलो चारशे नऊ.”

“काटा कुठला? देवळातला तराजू?”

“छे! तो आजोबांच्या काळातला. मी देवीला नवा इलेक्ट्रॉनिक काटा दिलाय, पुण्याहून आणून. ग्रॅमचा दहावा भाग दाखवतो.” एवढ्यातही शेठचा आवाज थोडा फुलला. “तीनदा ठेवून बघितला मुखवटा. तीनही वेळा चारशे नऊ.”

“मग?”

“मग काय... सगळं गाव बघत होतं. मी विचारलं, मामा, तीन ग्रॅम कुठं गेले?”

“काय म्हणाला?”

“काही नाही. पाय सोलवटलेले, घामानं निथळत होता. माझ्याकडं बघितलं... आणि बोटातली चांदीची अंगठी काढून मुखवट्याशेजारी ठेवली. आकडा पार पुढं गेला. आणि प्रसादसुद्धा न घेता पायऱ्या उतरून निघून गेला.”

शेठनं कप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

“अंगठी ठेवली म्हणजे कबूलच केलं की नाही, बाबा? लोक तेच म्हणतायत. संध्याकाळच्या आरतीला गुरव मान दुसऱ्या घराला द्यायचं जाहीर करणार. माझ्या होकारासाठी थांबलेत.”

“मग दे होकार.”

“तेच तर... होकार तोंडातून निघत नाही.”

वरून एक ट्रक ब्रेक दाबत, कण्हत खाली गेला.

“अंतू इथूनच गेला,” बाबा म्हणाला. “पाणी पी म्हटलं. प्यायला नाही. बोटावर अंगठीचा पांढरा वळ होता.”

शेठचा हात पुन्हा खिशावर गेला.

“शेठ, अंतूबरोबर वर जे आलं, ते तू मोजलंस.”

“तीनदा.”

“तुझ्याबरोबर वर जे आलं, ते कोणी मोजलं?”

“माझ्याबरोबर? माझ्याबरोबर काय होतं? काटा, आणि काट्याच्या पेटीतलं किलोचं पितळी वजन. बस.”

“आण.”

शेठनं जीपमधून पेटी आणली. दर्ग्याच्या ओट्यावर काटा ठेवला, त्यातला पातळी दाखवणारा बुडबुडा मधोमध आणून नीट सपाट केला. ह्या कामात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग मखमलीच्या खोबणीतून त्यानं सरकारी शिक्क्याचं वजन काढलं आणि ताटलीवर ठेवलं.

नऊशे नव्याण्णव पॉइंट सात.

शेठनं वजन उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, ताटलीवर फुंकर मारली. पुन्हा ठेवलं.

नऊशे नव्याण्णव पॉइंट सात.

“ह्यातलं कोणी काढलं?” बाबानं विचारलं.

शेठनं वजन उचलून त्याच्यावरचा शिक्का तपासला.

“अंतूनं तर हात लावला नाही ह्याला.”

“पेटी कुलपात होती, बाबा. किल्ली माझ्या कमरेला.”

“मग तुलाच विचारायला हवं. शेठ, पॉइंट तीन कुठं गेले?”

शेठ ओट्यावर बसला. पुण्याच्या दुकानातला विक्रेता त्याला आता आठवला. चष्मेवाला, सावकाश बोलणारा. तो म्हणाला होता, “शेठ, जागा बदलली की आधी हे वजन ठेवा, बटण दाबा, काटा जुळवून घ्या. जमिनीची ओढ सगळीकडे सारखी नसते. समुद्रापासून वर चढलात की थोडी कमी, उत्तरेकडे गेलात की थोडी जास्त. वस्तू तेवढीच, पण काट्यावरचा भार बदलतो.”

आणि शेठ दुकानभर ऐकू जाईल असं हसला होता. “तू मला वजन शिकवणार?”

“खाली बंदरावर जुळवला होता मी,” तो आता पुटपुटला. “इथं वर नाही जुळवला. काटा ताटलीवरची ओढ मोजतो, बाबा. ओढ कमी झाली. चांदी... चांदी तेवढीच होती.”

बाबानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

“पण मग एवढी वर्षं? आजोबांच्या वेळीही मुखवटा घाट चढूनच यायचा. तेव्हा कसा बरोबर भरायचा?”

दर्ग्यासमोरच्या उंबराच्या झाडाला एक जुना तराजू टांगलेला असतो. नवसाची मुलं त्यात बसवून गुळानं तोलतात. बाबा उठला. तराजूची दोरी वरच्या फांदीवरून घेतलेली होती, ती त्यानं हळूहळू ओढली. तराजू हातभर वर गेला. दोन्ही पारडी बरोबरीनं वर गेली, बरोबरीनं थांबली.

“बघ. दोघंही घाट चढले. आता कोण कोणाला हलकं म्हणेल?”

शेठ पारड्यांकडे बघत राहिला. मुखवटा हलका झाला, तेवढीच समोरची वजनंही हलकी झाली. आजोबांच्या तराजूला घाट कधी कळलाच नव्हता.

त्यानं मोबाइल काढला. गुरवाला लावला.

“हां, गुरव, मी वामन. ते मान द्यायचं थांबवा... नाही, नाही. चोरी नाही. काट्यात जरा गडबड...”

बाबानं त्याच्याकडं नुसतं बघितलं.

शेठ थांबला.

“गुरव, ऐका. काटा चांगला आहे. मी वर आल्यावर जुळवला नाही. मला सांगितलं होतं, तरी नाही जुळवला. चूक माझी. आरतीला हे असंच्या असं सांगा, माझं नाव घेऊन. आणि देवळातला जुना तराजू काढून ठेवा. मुखवटा त्याच्यावर घाला, सगळ्यांसमोर.”

फोन ठेवल्यावर त्याला जरा बरं वाटलं. चहा गार झाला होता, तो त्यानं एका घोटात संपवला. व्यापारी माणूस. चूक कळली की निस्तरायची आणि दुकान उघडायचं, ही त्याची जन्माची सवय.

“चला! मिटलं, बाबा. लोकांच्या मनातलं निघालं की झालं.”

“लोकांच्या मनातलं निघेल,” बाबा म्हणाला. “खिशातलं?”

शेठनं खिशात हात घातला. अंगठी निघाली. साधी, झिजलेली, आतून गुळगुळीत. अंतूमामाच्या लग्नातली. पायरीवरून ती शेठनंच उचलून ठेवली होती, पुरावा म्हणून.

सवयीनं त्याचा हात काट्याकडे गेला.

बाबानं काटा बंद केला. आकडे विझले.

“हातावर घे.”

शेठनं अंगठी तळहातावर घेतली. किलोभर वेलदोडे नुसत्या अंदाजानं सांगणारा तो तळहात.

“किती भरते?”

शेठचे ओठ हलले, पण आकडा आला नाही.

“नाही सांगता येत, बाबा.”

“हं.”

“मामा फार लांब गेला नसेल. पाय सोलवटलेत त्याचे.” शेठ उठला, चष्मा पुसला, जीपची किल्ली काढली. “दहा मिनिटांत गाठतो. जीपमध्ये बसवतो, वर आणतो, आरतीला पहिला मान त्याचा. पाया पडेन मी त्याच्या, गावासमोर पडेन...”

बाबानं हात पुढं केला. शेठला आधी कळलंच नाही. मग त्यानं किल्ली त्या हातावर ठेवली.

“जीप मागून येईल. ड्रायव्हर आहे ना तुझा?”

“आहे, वर देवळात थांबलाय. पण बाबा... घाट मोठा आहे. मी चालत कधी गाठणार त्याला?”

बाबानं शेठच्या पायांतल्या चकचकीत वहाणांकडे बघितलं. शेठनंही बघितलं. मग वाकून त्यानं त्या काढल्या आणि ओट्याखाली सरकवल्या. डांबर तापलेलं होतं.

चार पावलं गेल्यावर तो वळला. अंगठी मुठीत होती.

“बाबा, त्याच्यासमोर उभा राहिलो की बोलू काय?”

रहमतबाबा चहाचं भांडं विसळत होता.

“आधी उतर तर खरा. जसजसा खाली जाशील, तसतशी ती जड होत जाईल.”