फक्कीचे हात

"पण मला हात लागलाच नव्हता, तर मी थांबायचं कशासाठी?" जयेंद्र मगदूमनं विचारलं.

मुजावर सर बुटाची नाडी सोडत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कोण म्हणतं लागला?"

"सगळेच. हे अण्णासुद्धा."

अण्णा म्हणजे मी. दोरखंड आणि ताडपत्रीचं दुकान आहे माझं. दर रविवारी सकाळी आम्ही पंधराएक जण शाळेमागच्या मैदानावर टच रग्बी खेळतो. त्या मंडळींनी जयेंद्रला निरोप द्यायला मलाच पुढं केलं होतं. पुढच्या रविवारपासून येऊ नकोस, एवढाच निरोप. 'नाही' गोड बोलून सांगावं ते दुकानदारानंच, असं त्यांचं मत. मी गोड बोललो. तरी तो तडक सरांकडं गेला.

खेळ साधा आहे. रग्बीच, पण कुणी कुणाला पाडायचं नाही. चेंडू घेऊन पळणाऱ्याला नुसता हात लावायचा. लागला की त्यानं थांबायचं, चेंडू जमिनीवर ठेवून मागच्याला द्यायचा. असे सहा हात लागले की चेंडू समोरच्यांचा.

आमच्यात पंच नाही. मुजावर सर शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेले, त्यांनी पहिल्या दिवशीच रीत घालून दिली. हात लावणाऱ्यानं गप्प राहायचं. ज्याला लागला त्यानंच म्हणायचं, "लागला."

मीही पहिल्या रविवारी लागलेला एक हात पचवला होता. कुणी काही बोललं नाही. दुपारी घरी बासुंदी होती, ती वाटीत तशीच राहिली...

जयेंद्रनं तीन महिन्यांत एकदाही "लागला" म्हटलं नव्हतं.

तो खरा खेळाडू. राज्याच्या संघातून खेळलेला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आडवं पाडायची रग्बी कायमची बंद केली. उरला तो हा आमचा पोटवाल्यांचा खेळ. आत्ताही तो जागेवर उभा नव्हता. चेंडू या हातातून त्या हातात, एक पाय पुढं, एक मागं.

"सर, इथूनही हाकललं तर मी जाऊ कुठं? सुट्टीच्या दिवशी घरात या खोलीतून त्या खोलीत फिरतो. बायको म्हणते, जरा बसा की. बसवत नाही."

सरांनी सोडलेली नाडी परत बांधली.

"अण्णा, फक्की शिल्लक आहे का?"

होती. मैदानाच्या रेषा आखायची ती पांढरी पूड, अर्धं पोतं. सरांनी पोतं मध्ये ओढून घेतलं आणि सगळ्यांना बोलावलं.

"हात बुडवा. डोळ्याला लावू नका. एक डाव खेळू. आज पंच ही."

जयेंद्र हसला. त्याची जर्सी काळी कुळकुळीत होती.

"चालेल," तो म्हणाला. "होऊनच जाऊ दे."

डाव सुरू झाला.

पहिल्या पाच मिनिटांतच आम्ही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायला लागलो. माझ्या पोटावर दोन पंजे उमटले. "अण्णा, लपवायला जागाच नाही तुम्हाला," कुणीतरी म्हणालं.

जयेंद्र चेंडू घेऊन सुटला. समोर मोकाशी डॉक्टरीण, दातांच्या. गेल्या आठवड्यात हात लागला की नाही यावरून त्याच्याशी भांडून रडकुंडीला आल्या होत्या. त्या बाजूला झाल्या.

मग तो माझ्याजवळून गेला. इतक्या जवळून, की वारा लागला. हात नुसता उचलायचा होता... मी नाही उचलला. सकाळी सकाळी हुज्जत कोण घालणार?

त्यानं रेषेपलीकडं चेंडू टेकवला, एक गुण. मग पुन्हा. मग पुन्हा.

डाव संपला. जयेंद्र सरांसमोर येऊन उभा राहिला, स्वतःभोवती सावकाश फिरला.

"बघा सर. एक बोट तरी दिसतंय?"

"नाही दिसत."

"मग? मी खरंच सांगत होतो ना?"

"आज खरं आहे तुझं."

डॉक्टरीणबाई खांद्यावरचा पंजा झटकत होत्या, त्या थांबल्या.

जयेंद्र एकेकाकडं बघायला लागला. माझं पोट. बाईंचा खांदा. सरांची पाठ, तिच्यावर तर सात-आठ. मग स्वतःची छाती... हातातला चेंडू उडायचा थांबला.

"अण्णा, तुमच्या तर अगदी जवळून गेलो होतो मी."

मी फक्की झटकत राहिलो.

"सर," त्याचा आवाज खाली आला, "पुढच्या रविवारी येऊ... का नको?"

सरांनी वाकून पोत्यात हात घातला. पांढरा पंजा त्याच्या छातीसमोर धरला.

जयेंद्र सवयीनं मागं सरकला.

सर जागचे हलले नाहीत. हात तसाच.

"काहीतरी बोला ना, सर."

"माझ्याच्यानं आता पळवत नाही, बाबा," मुजावर सर म्हणाले. "राहिलेली दोन पावलं तू ये."