अर्धा विडा

एका राज्यात सोन्याची वाळू होत असे. राजवाड्याखाली खजिन्याची तीन दालने होती. दोन वाळूने भरली होती, तिसऱ्यात तेवढे सोने उरले होते.

हा शाप एका मांत्रिकाचा. त्या राज्याची रीत अशी, की मोठ्या कामासाठी दरबारात विडा ठेवायचा. जो उचलून खाईल, काम त्याचे. त्याला काही विचारणे म्हणजे त्याचा अपमान. राजाने खजिना सांभाळण्याचा विडा ठेवला, तो मांत्रिकाने खाल्ला आणि मग तोच सोने लांबवू लागला. राजाने त्याला हाकलले, तेव्हा वेशीवर वळून तो म्हणाला, "सोने कोंडून ठेवशील तर वाळू होईल. चुकीच्या हाती देशील तरी वाळूच होईल."

राजा झुरून वारला. राज्य राणी केतकावतीकडे आले. तलावाचा बांध तडकला होता. तो फुटला तर खालची गावे वाहून जाणार होती. काम वर्षानुवर्षांचे, तोवर सोने टिकायला हवे; आणि तिसऱ्या दालनाच्या उंबऱ्याशीही वाळूचे कण दिसू लागले होते.

खजिन्याच्या झरोक्यात एक म्हातारी मैना राहत असे. राणीने तिला सल्ला विचारला.

मैना म्हणाली, "विडा उचलू द्या, पण खाऊ देऊ नका. आधी विचारा, तुझे पोट कशावर भरते? तुझे स्वतःचे धन कुठे आहे? आणि तुला काय कळत नाही?"

"दारी आलेल्याला असे विचारायचे?"

"मग बसा वाळू चाळत."

राणीने विडा ठेवला. पहिला आला धूम्रजट नावाचा सिद्ध. विडा उचलून त्याने वर्षात सोने दुप्पट करण्याचे वचन दिले. राणीने धीर करून त्याचा चरितार्थ विचारला.

"मी काही घेत नाही. वाऱ्यावर जगतो."

"वाऱ्यावर एवढं पोट?" मैना झरोक्यातून म्हणाली.

सिद्ध रागावला, धूर झाला आणि खिडकीतून निघून गेला.

मग पिंगाक्ष यक्ष आला. ढगांच्या नगरीत सोने कसे वाढते, ते त्याने फार गोड सांगितले. राणीने विचारले तेव्हा कळले, त्याचे स्वतःचे सोने मात्र डोंगराच्या पोटात, कुलपात होते. राणीने त्याच्या हातून विडा परत घेतला. असे त्या दरबारात कधी घडले नव्हते.

शेवटी भानुमल्ल नावाचा दर्यावर्दी व्यापारी आला. त्याने विड्याला हातच लावला नाही.

"राणीसाहेब, हे सोने कशासाठी आहे?"

दरबार कुजबुजला. राणी मात्र चपापली. हे तिला अजून कोणीच विचारले नव्हते.

"बांधासाठी. दर उन्हाळ्यात थोडे लागेल."

"मग दुप्पट करण्याच्या नादी लागू नका. यंदाचे दगड आताच घ्या. बाकीचे वेगवेगळ्या ठिकाणी ठेवू, जिथे माझे आहे तिथेच. माझे वेतन इथे सर्वांदेखत ठरवा. आणि प्रत्येक ठिकाणची एक किल्ली तुमच्याकडे राहू द्या."

राणीने शेवटचा प्रश्न विचारला. तुम्हाला काय कळत नाही?

"वारा कधी फिरेल ते. माझे एक गलबत त्यापायी बुडाले. मला कळते असे जो म्हणेल, त्याला विडा देऊ नका."

राणीने विडा उचलला. मधोमध तोडला. अर्धा त्याला दिला, अर्धा स्वतः खाल्ला.

त्याच क्षणी उंबऱ्यावरची वाळू सरसरत मागे गेली आणि तिसरे दालन लखलखले. शाप तुटला. त्या दोन दालनांतली वाळू मात्र वाळूच राहिली. राणीने ती बांधाच्या चुन्यात कालवायला दिली.

बांध पुरा झाला, गावे निर्धास्त झाली. उतरते ऊन पडले की तो बांध अजून सोन्यासारखा झळकतो. त्या राज्यात आता विडा देणारा आणि घेणारा दोघे मिळून खातात, आणि कोणी घाईने हात पुढे केलाच, तर झरोक्यातून मैना शांतपणे म्हणते, "विचारलंत का?"