आंबट फांदी

फार वर्षांमागे डोंगरापलीकडच्या एका गावात एक मुलगी सून होऊन आली. ओटीत खण-नारळ होताच, पण पदराच्या गाठीला तिनं गुपचूप आणखी एक गोष्ट बांधून आणली होती. माहेरच्या परसातल्या आंब्याची कोय! तो आंबा इतका गोड, की खाल्ल्यावर पोरं हात धुवायला तयार नसत.

कोय तिनं सासरच्या अंगणात लावली. जावा हसल्या, "आमच्याकडे काय आंब्यांचा दुष्काळ आहे?" तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि आठ वर्षं रोज पाणी घातलं. मधल्या काळात तिला एक लेक झाली, तीही झाडाबरोबर वाढू लागली.

झाड फळलं. पहिला आंबा देवापुढे ठेवून बाईनं चाखला, आणि तोंड वाकडं झालं. आंबट ढाण! बिचारीला रडूच फुटलं.

गावात कलमं बांधणारा एक म्हातारा होता. तो म्हणाला, "वहिनी, कोयीतून तेच झाड येईल असं नसतं. चव जशीच्या तशी हवी, तर त्या झाडाची काडी आणा. मुळं याची राहतील, फळ त्याचं येईल."

ती लगोलग माहेरी गेली. आईवडील राहिले नव्हते, झाड होतं. भावानं काढून दिलेल्या काड्या तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या. म्हाताऱ्यानं फांद्या छाटून कलमं बांधली, एक फांदी तेवढी ठेवली. "झाड जगायला थोडा पाला हवा. कलमं धरली की हीही तोडा."

कलमं धरली. चार वर्षांनी बाईनं आंबा चाखला. तीच माहेरची चव! तिला आईची फार आठवण आली.

आंबट फांदी मात्र राहून गेली. लेकीचं बस्तानच तिथं! दुपारभर फांदीवर बसून कैऱ्यांना तिखटमीठ लावून खायची. खालून आई ओरडायची, "कार्टे, दात आंबतील!"

लेकीचं लग्न झालं. 'आता हे आंबट कोण खाणार? उगीच रस ओढते ही फांदी,' असं म्हणत बाईनं उन्हाळ्यात कोयतेवाला झाडावर चढवला. नेमकी त्याच दिवशी लेक पहिल्या माहेरपणाला आली. पिशवी दारातच टाकून धावली.

"आई, थांबव त्याला!"

"अगं, गोड आंबे ठेवलेत ना टोपलीभर तुझ्यासाठी."

"गोड आंबे तिकडेही आहेत गं. कैऱ्याही आहेत. पण तिकडची कैरी तोंडाला लावली की मला रडू येतं. तिला ही चव नसते." मग हळूच म्हणाली, "मला या फांदीची काडी देशील? सासरी कलम बांधून घेईन."

बाईच्या लक्षात आलं. ज्या चवीला तिनं जन्मभर नाक मुरडलं, तीच तिच्या लेकीचं माहेर होती.

"खाली उतर रे बाबा," तिनं कोयतेवाल्याला सांगितलं, आणि स्वतः फडकं भिजवायला आत गेली.

तात्पर्य: ज्याचं त्याचं माहेर वेगळं असतं. आपल्याला आंबट लागते, म्हणून दुसऱ्याची फांदी तोडू नये.