नावं ठेवणारे

यमुताई डोर्लेकरांचे फणसाचे पापड रत्नागिरीत कुणाला ठाऊक नाहीत? पण दुकानाची वेबसाइट काढायला गेल्या, तेव्हा कळलं की 'डोर्लेकर पापड डॉट कॉम' हे नाव पुण्याच्या निशिकांत पारसनिसांनी आधीच घेऊन ठेवलंय. नावं स्वस्तात घ्यायची आणि ज्याची त्यालाच महागात विकायची, हा त्यांचा धंदा. त्या पत्त्यावर 'हे नाव विकणे आहे' एवढीच पाटी होती आणि खाली त्यांचा फोन नंबर.

यमुताईंनी फोन लावला.

"आठ लाख," पारसनीस म्हणाले. "आडनाव तुमचं असेल बाई, पण नाव ठेवलंय मी. इंटरनेटवर डोर्लेकर म्हणजे मीच."

"असं होय," म्हणून यमुताईंनी फोन ठेवला.

पुढच्या खेपेला पापडाच्या प्रत्येक पाकिटावर एक नवी ओळ आली: 'तक्रारीसाठी पत्ता: डोर्लेकर पापड डॉट कॉम.'

हजार गिऱ्हाइकांत दहा कुरकुरणारे असायचेच. पारसनिसांचा फोन सकाळी सातपासून वाजू लागला. चिपळूणच्या बाईंचे पापड तळताना तुटले होते. दादरच्या एका आजोबांना मीठ कमी लागलं होतं, आणि किती कमी ते त्यांनी वीस मिनिटं समजावलं. नंबर काढावा, तर धंदा बसणार.

आठव्या दिवशी त्यांनीच यमुताईंना फोन केला. "अहो, तुमच्या पापडांना नावं ठेवायला लोक माझ्याकडे का येतायत?"

"नाव तुम्हीच ठेवलंत ना? मग नावं ठेवणारेही तुम्हीच सांभाळा."

संध्याकाळपर्यंत ते नाव यमुताईंचं झालं, फुकटात. त्यांनी पारसनिसांना पापडांचं एक पाकीट पाठवलं. पारसनिसांनी ते तळून खाल्लं, पण नाव ठेवायला जागा नव्हती.